टेगेलर उर्फ होल्टकाम्प

"अहो फ्राऊ बुसे, हा माणूस जन्मलाच नाही," मी म्हणालो.

चर्चच्या कचेरीत सकाळपासून आम्ही दोघंच बसलो होतो. टेबलावर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्यांची जाडजूड वही उघडी होती. फ्राऊ बुसे म्हणजे तिथली कारकूनबाई, साठीच्या पुढची. ती जुनी वळणाची जर्मन अक्षरं वाचून दाखवायची आणि मी नावं-तारखा उतरून घ्यायचो. पंचवीस वर्षांतली सगळी बाळं आम्ही चाळून काढली. योहान बेरेंड नावाची पोरं ढिगाने सापडली, पण योहान बेरेंड होल्टकाम्प काही सापडेना. आणि मला तर नेमका तोच पाहिजे होता. कारण ज्या घरात मी राहत होतो ते त्याने बांधलं होतं. मोठ्या दाराच्या वरच्या तुळईवर त्याचं नाव कोरलेलं होतं, शेजारी बायकोचं, आणि खाली साल १७८३.

ही गोष्ट १९८३ च्या जूनमधली. येत्या रविवारी घराला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. बिलेफेल्डच्या उत्तरेकडच्या त्या खेड्यातले दोनशे लोक जेवायला येणार होते. रंगारी एका मोठ्या फळीवर घराण्याची सगळी नावं रंगवणार होता आणि त्याला यादी शनिवारपर्यंत हवी होती. यादीचं काम माझ्याकडे दिलं होतं. बाकी सगळे वाळल्या गवताच्या मागे लागले होते, आणि मी परका माणूस, सायकलवर जाऊन चार तारखा आणू शकत होतो.

मी आनंदा मगदूम, कागलजवळचा. दुधाच्या धंद्याचं शिक्षण घ्यायला एका वर्षासाठी हेर्मान होल्टकाम्पच्या गोठ्यावर आलो होतो. वर्ष ऑगस्टात संपणार होतं आणि माझा जीव तिथं गुंतून बसला होता. हेर्मानची एकुलती एक मुलगी आनेग्रेट. सव्वीस वर्षांची, ट्रॅक्टर चालवणारी, अडलेली गाय अर्ध्या तासात मोकळी करणारी, आणि माझ्या जर्मनला मोठ्याने हसणारी. आमचं जमलं होतं. एप्रिलमध्ये मी धीर करून म्हाताऱ्याला विचारलंही होतं.

म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि शांतपणे सांगितलं, की गडी तू चांगला आहेस, गाई तुला ओळखतात, पण होल्टकाम्प हे नाव या जमिनीवर बापाकडून लेकाकडे असं सलग चालत आलंय. मुलीचं लग्न झालं की ते बुडणार. म्हणून शेत पुतण्याला, युर्गनला, द्यायचं त्याने ठरवलं होतं आणि रविवारी सगळ्यांसमोर तो तसं सांगणार होता. आनेग्रेटने कुणाशीही लग्न करावं, फक्त जमीन विसरावी. ती म्हणाली होती, पपा, आता कायद्याने नवरासुद्धा बायकोचं नाव घेऊ शकतो. त्यावर म्हातारा म्हणाला होता, नाव रक्ताबरोबर येतं, उसनं घेता येत नाही.

युर्गन डॉर्टमुंडला विम्याच्या कचेरीत कामाला होता. गोठ्यात आला की नाकाला रुमाल लावायचा. आनेग्रेट एकोणिसाव्या वर्षापासून पहाटे पाचला उठून तोच गोठा सांभाळत होती. आता बोला.

तर असा मी, माझ्या सासरेबुवांच्या, म्हणजे होऊ न घातलेल्या सासरेबुवांच्या घराण्याची मुळं खणत बसलो होतो, ज्या घराण्यात मला शिरू द्यायचं नाही असं ठरलं होतं. चिडचिड तर होणारच.

फ्राऊ बुसे मात्र मजेत होती. तिने डब्यातून आलुबुखाराच्या केकचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, जन्मात सापडत नाही ना, मग लग्नात बघू. दुसरी वही आली. तिचं बोट पानांवरून खाली सरकत गेलं आणि १७७८ च्या नोव्हेंबरवर थांबलं.

"हा घे तुझा माणूस. योहान बेरेंड टेगेलर, गेनान्ट होल्टकाम्प."

मी विचारलं, गेनान्ट म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे असं म्हटला गेलेला. नाव टेगेलर, पण ओळखतात होल्टकाम्प म्हणून.

"उर्फ," मी मराठीत म्हणालो आणि ताडकन उठून उभा राहिलो.

आमच्याकडे सातबाऱ्यावर निम्म्या गावाला उर्फ लागलेलं असतं. पण हे उर्फ निराळंच होतं. फ्राऊ बुसेने मला नीट समजावलं. होल्ट म्हणजे झाडांची राई, काम्प म्हणजे कुंपण घातलेलं शेत. राईजवळचं शेत, एवढाच त्या नावाचा अर्थ. आधी शेताला नाव पडलं आणि मग जो ते शेत कसेल, ज्याच्या चुलीचा धूर त्या घरातून निघेल, त्याला ते नाव लागायचं. मुलगा नसला तर मुलीच्या नवऱ्याला. विधवेने दुसरं लग्न केलं तर त्या दुसऱ्याला. जमीन ज्याच्या मालकीची त्या जमीनदाराला नावागावाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला शेत पिकवणारा माणूस हवा होता. या मुलखात शेकडो वर्षं हीच रीत होती. पुढे सरकारने ती बंद केली आणि हळूहळू लोक विसरून गेले.

मी तिला म्हटलं, पुढं वाचा.

ती वाचत गेली आणि माझे कान तापत गेले. खऱ्या रक्ताचा शेवटचा होल्टकाम्प होता कोर्ड हेन्रिख. त्याची तिन्ही पोरं एकाच उन्हाळ्यात हगवणीने गेली आणि पुढच्या वर्षी तोही गेला. मागे राहिली त्याची बायको, कॅथरिना, ती दुसऱ्या गावची. तिने घरच्याच गड्याशी लग्न केलं. तोच हा टेगेलर. तो होल्टकाम्प झाला. दोन वर्षांनी कॅथरिनाही वारली, मूलबाळ नाही. टेगेलरने परत लग्न केलं, आना इल्सबाइन नावाच्या मुलीशी, तीही बाहेरची. या दोघांनी १७८३ मध्ये नवं घर बांधलं, तुळईवर आपली नावं कोरली आणि सात मुलं वाढवली. हेर्मान त्यांतल्याच थोरल्याच्या वंशातला.

म्हणजे बघा, घरात आलेला गडी, बाहेरून आलेली सून, आणि मूळ होल्टकाम्पांच्या रक्ताचा थेंबही नाही. म्हातारा ज्याची एवढी मिजास मारत होता ते दोनशे वर्षांपूर्वीच संपलं होतं.

मी उतारा घेतला, फ्राऊ बुसेचे दोन्ही हात हातात घेऊन हलवले आणि सायकलवर टांग मारली. सहा किलोमीटर मी कसा गेलो ते मलाच ठाऊक नाही. वाटेत एकदा चारीत पडलो, कोपर सोललं, तसाच उठून निघालो. डोक्यात रविवार सुरू झाला होता. दोनशे माणसं बसलीत, युर्गन नवा टाय लावून आलाय, आणि मी उभा राहून कागद वाचतोय. तोंडं कशी होतील एकेकाची.

आनेग्रेट रानात गवताचे भारे गाडीवर टाकत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने ते दोनदा सांगायला लावलं, मग हातातला काटा जमिनीत रोवला आणि पोट धरून हसली. हसता हसता रडायलाही लागली. म्हणाली, सात वर्षं मी ऐकतेय, तू मुलगी आहेस, तू मुलगी आहेस.

मग मी तिला रविवारचा बेत सांगितला आणि तिने डोळे पुसले.

"लोकांसमोर वाचलंस तर शेत मिळेल कदाचित," ती म्हणाली. "पण मग मी त्या घरात राहणार नाही. त्यांना आज सांग. गोठ्यात सांग. हातात काम असलं की ते ऐकून घेतात."

तिचं मला पटलं नव्हतं. मी तापट माणूस, अजूनही आहे. पण ती रोखून बघत होती आणि त्या नजरेपुढे माझं कधी काही चाललं नाही.

संध्याकाळच्या धारा चालू होत्या. हेर्मान एका गाईचे सड पुसून यंत्राचे कप लावत होता. मी शेजारी उभा राहून कागद वाचला. तो एका गाईकडून दुसरीकडे जात राहिला, मी मागे मागे जात राहिलो. कॅथरिना वारली तिथं तो थांबला. म्हणाला, परत वाच. मी परत वाचलं. त्याने पुढच्या गाईला कप लावले, पण यंत्र सुरू करायचं विसरला.

मला वाटलं, लोखंड तापलंय. मी घाईघाईने म्हणून टाकलं, की बघा हेर होल्टकाम्प, नाव शेताचं आहे, तर ते मी घेतो. टेगेलरने घेतलं तसं. त्यात काय एवढं, मगदूम सोडायला मला एक मिनिटही लागणार नाही.

म्हातारा वळला. इतका वेळ जो पांढरा पडला होता तो एकदम लाल झाला.

"बापाचं नाव जो एका मिनिटात सोडतो," तो म्हणाला, "तो माझं किती मिनिटं ठेवेल?"

दिवसभर मी विजयी वीरासारखा हिंडत होतो आणि या माणसाने एका वाक्यात मला उघडं पाडलं.

त्याने यंत्र चालू केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, त्या टेगेलरचा बाप कोण होता? मी म्हटलं, ते मी बघितलंच नाही. तो म्हणाला, मग उद्या जाऊन बघ.

गुरुवारी मी परत फ्राऊ बुसेपुढे बसलो. शेजारच्या गावाची वही मागवावी लागली, ती शुक्रवारी आली. बापाचं नाव निघालं योब्स्ट टेगेलर. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या खोपटात राहणारा मजूर. झोपडीचं भाडं म्हणून त्या मालकाच्या रानात राबायचा. पोरं बरीच झाली, जगला एकटा योहान बेरेंड. लेकाने नाव बदललं तेव्हा म्हातारा जिवंत होता. त्यानंतर नऊ वर्षं जगला.

हे मी हेर्मानला वाचून दाखवलं. आता त्याला राग नव्हता. तो अंगणातल्या बाकावर बसला होता, मलाही त्याने बस म्हटलं.

"लेक होल्टकाम्प झाला त्या दिवशी त्याला काय वाटलं, ते लिहिलंय का?"

नाही म्हणालो. वहीत फक्त तारखा असतात. त्याने मान हलवली. मग विचारलं, तू किती भावांतला? मी सांगितलं, बहिणी दोन, मुलगा मी एकटाच. तो कितीतरी वेळ समोरच्या तुळईकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, की दोन दिवसांपूर्वीपर्यंत मी माझं नाव कुणाला द्यायला तयार नव्हतो, आणि तू ते टाकायला निघालास तर मी लगेच उचलू कसं? तुझ्या वडिलांना विचार. ते नाही म्हणाले तर विषय संपला, आणि मग तुम्ही दोघं काय ते ठरवा. शेत कुणाला ते युर्गनला मी शनिवारी दुपारी कळवणार आहे, त्याआधी उत्तर आण.

आता खरी पंचाईत झाली. घरी मी आनेग्रेटबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पत्र लिहायचं तर पोचायला पंधरा दिवस. आमच्या गावात फोन एकच, दूध सोसायटीत. शनिवारी पहाटे साडेपाचला मी कॉल लावायला घेतला. लाइन लागायची, खरखरायची, तुटायची. आनेग्रेट शेजारी उभी राहून नखं खात होती. साडेसातला सोसायटीचा सेक्रेटरी लागला. मी ओरडून सांगितलं, आबांना बोलाव, मी थांबतो. तो म्हणाला, आबा मळ्यात हैत. पंधरा मिनिटांनी परत लाव. पंधरा मिनिटांनी लावला आणि नशिबाने लागला.

आबा जन्मात फोनवर बोललेले नव्हते. त्यांना आधी वाटलं, मला काही झालंय. मी म्हटलं, मी बरा हाय. मग एका दमात सगळं ओतलं. लग्न करतोय, पोरगी जर्मन हाय, शेतकऱ्याची हाय, छत्तीस गाई हैत, तिला भाऊ न्हाई. आणि आबा, आडनाव त्यांचं लावायचं म्हणतोय.

पलीकडून काहीच येईना. मला वाटलं लाइन गेली. सेक्रेटरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, तोही कान लावून बसला असणार.

"आबा, वाईट वाटतंय का?"

"वाटतंय. लई वाटतंय." मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं इचार म्हणून सांगितलं व्हय?"

"त्यांनीच सांगितलं. तुम्ही न्हाई म्हणालात तर न्हाई."

"मग माणूस बरा हाय. गावात मगदूम पैशाला पासरी हैत रं. माझ्या घरात एकच हाय, एवढंच." त्यांचा आवाज मला कधी असा ऐकू आला नव्हता. "लाव त्यांचं नाव. गुरं नीट बघ."

मी काही बोलणार तोवर लाइन तुटली. मी रिसीव्हर हातात धरून उभा होतो आणि आनेग्रेट विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. तीन दिवसांपूर्वी एका मिनिटात सुटणारं ते नाव आता सुटता सुटत नव्हतं. मला धड सांगताच येईना. ती घाबरली, तिला वाटलं नकार आला.

दारात हेर्मान उभा होता. त्याला मी सगळं सांगितलं, आबांचा शब्द न् शब्द. गावातले मगदूम आणि घरातला एक, तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग एक कागद पुढे केला आणि म्हणाला, तुझ्या वडिलांचं नाव लिही. आमच्या अक्षरांत लिही. मला वाटलं लग्नाच्या कागदपत्रांना लागत असेल. मी लिहून दिलं. तो कागद घेऊन गोठ्यात गेला आणि जरा वेळाने आनेग्रेटलाही त्याने आत बोलावलं. मला मात्र बाहेरच थांबायला सांगितलं. आतून दोघांची काहीतरी कुजबुज चालली होती.

रविवार उजाडला तो कडक उन्हाचा. मोठं दार सताड उघडलं, आत लांब टेबलं मांडली. बटाट्याचं सॅलड, डुकराचं भाजलेलं मांस, सतरा प्रकारचे केक. युर्गन आला होता. त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याच्या तोंडावर सुटल्यासारखा आनंद होता. त्याला गाई नकोच होत्या, म्हाताऱ्याला नाही म्हणायचं धाडस नव्हतं इतकंच. तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

फळीवर चादर टाकलेली होती. हेर्मान तिच्याशेजारी उभा राहिला आणि चष्मा लावला. त्याने कुणाच्या कौतुकाचं भाषण केलं नाही. म्हणाला, आजवर मी तुम्हांला एक चुकीची गोष्ट सांगत आलो, आज ती दुरुस्त करतो. आणि त्याने चादर ओढली.

होल्टकाम्पांची नावं होतीच, ओळीने. पण या घरात बाहेरून आलेला जो जो माणूस, बाई असो की पुरुष, त्याच्या नावाखाली लाल अक्षरांत त्याच्या बापाचं नाव होतं. आधीचं, सोडलेलं. हेर्मान एकेक वाचत गेला. आना इल्सबाइनचा बाप. त्याच्या स्वतःच्या आईचा बाप. योहान बेरेंड, मुलगा योब्स्ट टेगेलरचा, जो खोपटात राहायचा. दोनशे वर्षांत त्या योब्स्टचं नाव त्या दारात कुणी उच्चारलं नसेल.

सगळ्यांत खालची ओळ ओली दिसत होती, सकाळीच रंगवलेली. तिथं माझं नाव होतं, पुढे गेनान्ट होल्टकाम्प, आणि खाली लाल ओळ. हेर्मानने घसा खाकरला.

"आनंदा. मुलगा डिनान..." तो थांबला. लोकांकडे बघून माफ करा म्हणाला आणि पुन्हा सुरुवात केली. "डन्यान..." पुन्हा थांबला. मागून कुणीतरी हसलं, त्याच्याकडे त्याने अशी नजर टाकली की ते हसू जागीच विरलं. त्याने आनेग्रेटकडे बघितलं. तिने ओठ हलवून दाखवलं. दोनशे माणसं हातात ग्लास धरून थांबली होती. म्हाताऱ्याने एक मोठा श्वास घेतला.

"मुलगा, ज्ञानदेव दादू मगदूम यांचा."

बरोबर म्हणाला. एकेक अक्षर, जसं माझी आजी आबांना हाक मारायची तसं. मग त्याने ग्लास उचलला आणि सगळे उभे राहिले, आणि मी दाराच्या मागे जाऊन लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो.